हेरपटातला बुद्धिबळाचा डाव कसा वाचावा

हेरगिरीवरच्या चित्रपटात बुद्धिबळाचा पट दिसला की खेळ जाणणारा प्रेक्षक पटाकडे पाहतो, उजव्या कोपऱ्यातले घर काळे आहे, म्हणजे पट चुकीचा मांडला आहे, हे ओळखतो आणि दिग्दर्शकाला अडाणी ठरवून मोकळा होतो. चित्रपट जाणणारा प्रेक्षक प्रकाश, चौकट आणि चेहरे पाहतो, आणि पट म्हणजे बुद्धिमत्तेची एक खूण एवढे गृहीत धरून पुढे जातो. दोघांच्याही हाती अर्धेच दृश्य लागते. पुण्यात हे दोन्ही प्रेक्षक मुबलक आहेत. शनिवार-रविवारी गुंडाळी केलेला रेक्झिनचा पट घेऊन क्लासला निघालेली मुले जवळपास प्रत्येक पेठेत दिसतात, आणि लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय व जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवरची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. या दोन्ही मंडळींनी एकाच दृश्यासमोर बसून ते पूर्ण कसे वाचावे, याची पद्धत या लेखात क्रमाने मांडली आहे.

पद्धतीच्या मुळाशी एक साधे निरीक्षण आहे. बुद्धिबळात काहीही झाकलेले नसते. दोन्ही खेळाडूंना बत्तीसही मोहरे सारखेच दिसतात, कोणाच्या हातात लपवलेला पत्ता नसतो आणि फाशाचे दैवही नसते. हेरगिरीचा सगळा व्यवहार मात्र झाकण्यावर चालतो: कोण कोणाच्या बाजूचा, कोणाला किती ठाऊक, निरोप कोणाकडून आला. त्यामुळे हेरपटात बुद्धिबळ आणणाऱ्या दिग्दर्शकापुढे खरी अडचण उभी राहते, कारण त्याला सगळे उघडे असलेल्या खेळातून झाकलेली गोष्ट सांगायची असते. जाणता दिग्दर्शक ती अडचण पटाच्या शेजारी काहीतरी लपवून सोडवतो, आणि न जाणणारा नुसताच पट मांडून ठेवतो. दृश्य वाचताना शेवटी हे लपवलेले शोधायचे आहे, पण तिथे पोहोचण्याआधी काही कामे करावी लागतात.

आधी दृश्य न थांबवता पाहावे

पहिल्या वेळी दृश्य सलग पाहावे, आणि पाहून झाल्यावर वहीत फक्त तीन गोष्टी लिहाव्यात: दृश्याच्या सुरुवातीला कोणाचे पारडे जड वाटले, शेवटी कोणाचे, आणि हा बदल नेमका कोणत्या क्षणी जाणवला. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हे अवघड जाते, कारण त्यांची नजर लगेच मोहऱ्यांवर जाते. तरीही हे टिपण आधी झाले पाहिजे. दिग्दर्शकाने दृश्य ज्यांच्यासाठी रचले आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना खेळ येत नसतो, आणि त्यांच्यावर काय परिणाम व्हावा असे त्याला वाटत होते हे याच पहिल्या पाहण्यातून कळते.

दुसऱ्या वेळी दृश्य थांबवत पाहावे. संगणकावर व्हीएलसी प्लेअर असेल तर ई हे अक्षर दाबल्यावर चित्र एकेका चौकटीने पुढे सरकते, आणि एवढी सोय पुरेशी असते. शेजारी खरा पट मांडून ठेवावा. संगणकावरच्या पटापेक्षा लाकडी किंवा रेक्झिनचा पट इथे जास्त उपयोगी पडतो, कारण कॅमेरा ज्या बाजूने पाहतो त्या बाजूला स्वतः जाऊन बसता येते.

पटाची मांडणी तपासावी

तपासणी दोन मिनिटांची आहे. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातले घर पांढरे हवे. डाव सुरू होत असेल तर वजीर आपापल्या रंगाच्या घरावर हवा, म्हणजे पांढरा वजीर पांढऱ्या घरावर आणि काळा काळ्या. मग पुढच्या प्रत्येक तुकड्यात मोहरे त्याच घरांवर आहेत की मधल्या काळात हलले आहेत ते पाहावे, कारण एकच दृश्य वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा चित्रित होते आणि दोन चित्रणांच्या मध्ये पट कोणाचा तरी धक्का लागून बिघडतो.

चुका सापडल्या तर त्या नोंदवाव्यात, पण त्यांच्यावर अडून राहू नये. आडवा ठेवलेला पट एवढेच सांगतो की चित्रीकरणाच्या जागी खेळ जाणणारा कोणी नव्हता. दृश्य चांगले की वाईट, हे त्यावरून ठरत नाही. उलट मांडणी अचूक असेल तर कान टवकारावेत, कारण मग त्या पटावरचा डाव खरा असण्याची शक्यता वाढते.

स्थिती उतरवून घ्यावी आणि मूळ डाव शोधावा

हे सगळ्यात कष्टाचे आणि सगळ्यात आनंदाचे काम आहे. नमुना म्हणून १९६३ सालचा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' घ्यावा. जेम्स बाँडच्या या दुसऱ्या चित्रपटात सुरुवातीलाच व्हेनिसमधली एक स्पर्धा दिसते. चेकोस्लोव्हाकियाचा क्रोनस्टीन, जो बाँडच्या शत्रू-संघटनेचा योजनाकार आहे, पांढऱ्या मोहऱ्यांनी कॅनडाच्या मॅकॲडम्सशी खेळतो आहे, मोठे दालन प्रेक्षकांनी भरले आहे, आणि भल्यामोठ्या प्रदर्शन-पटावर चाली दाखवल्या जात आहेत. उतरवून घ्यायला हा प्रदर्शन-पट फार सोयीचा पडतो, कारण त्यावर मोहरे सपाट दिसतात आणि उंट व प्यादे यांत गोंधळ होत नाही.

स्थिती उतरवली की ती ओळखीची निघते. १९६० साली लेनिनग्राडमध्ये सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत बोरिस स्पास्कीने डेव्हिड ब्रॉनस्टीनला राजाचा गॅम्बिट या प्रकारच्या सुरुवातीने खेळलेल्या डावात हरवले, त्या डावाचा हा शेवट आहे. मूळ डावातली स्थिती आपल्या पटावर अशी मांडावी (अक्षर पांढऱ्याच्या डावीकडून मोजलेली उभी रांग सांगते, आकडा पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी). पांढऱ्याचा राजा जी १, वजीर एफ ४, हत्ती एफ १, उंट बी ३, घोडा एफ ७, आणि प्यादी ए २, बी २, सी ५, डी ४, जी २, एच २ या घरांवर. काळ्याचा राजा जी ८, वजीर ई ७, हत्ती ए ८ आणि ई ८, घोडा एफ ८, उंट ई ५, आणि प्यादी ए ७, बी ७, सी ७, जी ७, एच ६ या घरांवर. चाल पांढऱ्याची आहे.

पांढरा घोडा एफ ७ वरून उठून ई ५ वरचा उंट मारतो. घोडा वाटेतून दूर होताच मागच्या बी ३ वरच्या उंटाचा शह थेट जी ८ वरच्या राजाला बसतो. काळा राजा एच ७ वर सरकतो. पांढरा वजीर ई ४ वर येऊन कर्णावरून पुन्हा शह देतो आणि ब्रॉनस्टीन डाव सोडतो. चित्रपटात याच चाली त्या काळच्या इंग्रजी वर्णनात्मक पद्धतीने पुकारल्या जातात. ही पद्धत माहीत नसेल तर ऐकणारा गोंधळतो: तिच्यात प्रत्येक खेळाडू घरे आपल्या बाजूने मोजतो, म्हणून काळ्याचा राजा 'हत्ती दोन' वर गेला की ते घर आपल्या आजच्या नोंदीत एच ७ असते, आणि पांढऱ्याचा वजीर 'राजा चार' वर आला की ते ई ४ असते. साठच्या दशकातला कोणताही इंग्रजी चित्रपट वाचताना हे रूपांतर हाताशी ठेवावे.

आता पडद्यावरची स्थिती आणि मूळ स्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पडद्यावर पांढऱ्याची दोन प्यादी गायब आहेत, डी ४ आणि सी ५. बाकीचा आराखडा तोच आहे, आणि नुसत्या नजरेला दोन प्याद्यांचा फरक किरकोळ वाटतो. तसा तो नाही. डी ४ वरचे प्यादे ई ५ वर येणाऱ्या घोड्याचा आधार आहे; ते काढले की घोडा वजिराच्या भरवशावर राहतो. शिवाय ही दोन्ही घरे ए ७ पासून जी १ पर्यंत जाणाऱ्या एकाच कर्णावर आहेत, म्हणजे पांढऱ्या राजाकडे जाणारी वाट झाकणारे दोन्ही पहारेकरी एकदम उठले आहेत. क्लासमधल्या मुलांना इथे काम द्यावे: दोन्ही स्थिती लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या मांडणी-पानावर भरायच्या, पहिल्या शहानंतर काळ्याने राजा न हलवता एफ ८ वरचा घोडा ई ६ वर मध्ये घातला तर प्रत्येक स्थितीत काय होते ते आधी स्वतः शोधायचे, आणि मगच स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणक-प्रणालीला विचारायचे. मध्ये आलेला हा घोडा शह तर अडवतोच, शिवाय एफ ४ वरच्या वजिरावर हल्लाही करतो. दोन प्याद्यांची किंमत काय असते हे मुलांना पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा या एका तासात जास्त नीट कळते, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक चित्रपटात असा खरा डाव सापडेलच असे नाही. 'शेरलॉक होम्स: अ गेम ऑफ शॅडोज' या २०११ च्या चित्रपटात होम्स आणि मोरियार्टी यांच्या डावामागे १९६६ साली सांता मोनिका इथे लार्सनने पेट्रोशियनविरुद्ध जिंकलेला डाव आहे, आणि तो ओळखता येतो. पण बहुतेक हेरपटांत स्थिती मनाने रचलेली असते. तासभर शोधून सापडली नाही तर तशी नोंद करून पुढे जावे.

घड्याळ, हात आणि शेवट पाहावा

हा भाग थोडक्यात उरकता येतो. गंभीर स्पर्धेत चाल केल्यावर खेळाडू ज्या हाताने मोहरा हलवला त्याच हाताने घड्याळ दाबतो आणि चाल कागदावर लिहितो. मोठ्याने 'शह' म्हणण्याची पद्धत वरच्या पातळीवर नाही. मात होईपर्यंत डावही क्वचितच चालतो, कारण हार दिसू लागली की खेळाडू हात पुढे करून डाव सोडतो. हेरपटांत मात्र कसलेल्या खेळाडूला समोरची मात दिसत नाही, तो दचकतो, राजा आडवा पाडतो. असे दिसले की समजावे, दिग्दर्शकाला डावापेक्षा अपमान दाखवायचा आहे. क्रोनस्टीनचा प्रतिस्पर्धी मात न होता हार मानतो, आणि एवढ्या एका गोष्टीमुळे ते दृश्य आजही खेळाडूंना खरे वाटते.

पटाशेजारी काय लपवले आहे ते शोधावे

आता मूळ प्रश्नाकडे यावे. पट क्षणभर विसरून चौकटीतल्या बाकीच्या वस्तू पाहाव्यात: पेले, कागद, चष्मे, दारे, मागे उभी असलेली माणसे. यातली कोणती वस्तू एका खेळाडूला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, हे स्वतःला विचारावे.

व्हेनिसच्या दृश्यात ती वस्तू पाण्याचा पेला आहे. सेवक पेला आणून ठेवतो. क्रोनस्टीन तो उचलतो आणि पिता पिता खाली पाहतो, तेव्हा पेल्याखालच्या कागदावरचा निरोप पाण्यातून आणि काचेतून दिसतो: त्याला तातडीने बोलावले आहे. हजारो डोळे पटावर खिळलेले असताना दृश्यातली खरी चाल पटाबाहेर, हातभर अंतरावर झाली आहे, आणि ती फक्त दोघांना दिसली आहे, त्याला आणि आपल्याला. यानंतर तो ज्या झपाट्याने डाव संपवतो, त्याचे कारण प्रतिस्पर्ध्याला कधीच कळणार नाही. हा तुकडा तीन-चारदा पाहावा. पहिल्यांदा फक्त पेला पाहावा, दुसऱ्यांदा क्रोनस्टीनचे डोळे, तिसऱ्यांदा मॅकॲडम्सचा चेहरा. चौथ्यांदा आवाज बंद करून पाहिले तर दृश्याची रचना हाताला लागल्यासारखी स्पष्ट होते.

इयान फ्लेमिंगची १९५७ ची मूळ कादंबरी हाताशी असेल तर इथेच ताडून पाहावी. पुस्तकातला क्रोनस्टीन सोव्हिएत यंत्रणेचा माणूस आहे आणि स्पर्धा मॉस्कोत आहे. बोलावणे आल्यावर तो लगेच उठत नाही, आधी डाव जिंकतो, आणि त्या काही मिनिटांच्या उशिराचा खुलासा त्याला वरिष्ठांपुढे करावा लागतो. त्याचे उत्तर हेराला शोभणारे आहे: जिंकत आलेला डाव टाकून तो उठला असता तर त्याला कोणी आणि का बोलावले, याची चर्चा सुरू झाली असती. म्हणजे पुस्तकात बुद्धिबळ हा त्याचा बुरखा आहे आणि तो सांभाळण्यासाठी त्याने आज्ञा मोडली आहे. चित्रपटाने हा धागा सोडून दिला, पण बदल्यात पाण्याचा पेला दिला. पडद्यासाठी हा सौदा फायद्याचा झाला, असे माझे मत आहे.

'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या तोमास आल्फ्रेडसन यांच्या २०११ च्या चित्रपटात कोणी डाव खेळतच नाही. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा मृत प्रमुख कंट्रोल याच्या घरात बुद्धिबळाचे मोहरे सापडतात, आणि प्रत्येकावर खात्यातला फितूर असण्याचा संशय असलेल्या एकेकाचे छायाचित्र चिकटवलेले असते. ते शोधणाऱ्या, कंट्रोलच्या जुन्या सहकारी जॉर्ज स्मायलीला एका मोहऱ्यावर स्वतःचा चेहरा दिसतो. इथे लपवलेली गोष्ट मोहऱ्याच्याच अंगावर आहे. या दृश्याजवळ जरा जास्त वेळ थांबावे. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्याला विश्वासात घेतले असे स्मायलीला वाटत होते, त्याच्या हिशेबात आपणही संशयितांच्या रांगेत उभे होतो, हे त्याला एका शब्दाविना कळते. एकही चाल न होता बुद्धिबळाचा इतका नेमका उपयोग क्वचितच केला गेला असेल.

१९६७ च्या 'द प्रिझनर' या ब्रिटिश मालिकेतला बुद्धिबळाचा भाग याच प्रश्नाला तिसरीकडून भिडतो. तिथे हिरवळीवर पट आखला आहे आणि जिवंत माणसे मोहरे झाली आहेत. नायक वजिरापुढचे पांढरे प्यादे म्हणून उभा आहे. ते सगळे ज्या गावात अडकले आहेत तिथे कैदी कोण आणि पहारेकरी कोण हे कपड्यांवरून ओळखता येत नाही, म्हणून माणूस कोणत्या बाजूचा ते त्याच्या चालीवरून ओळखायचे, असा धडा एक वयस्क खेळाडू नायकाला देतो. पटावर रंग उघड असतो, जगात तो नसतो, आणि हे अंतर मालिकेने सरळ गोष्टीत रूपांतरित केले आहे.

'द कोल्डेस्ट गेम' हा २०१९ चा पोलिश चित्रपटही या यादीत घ्यावा. १९६२ साली क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटाच्या दिवसांत वॉर्सामध्ये अमेरिकी आणि सोव्हिएत खेळाडूंचा सामना ठेवला आहे, आणि सामन्याच्या आडून गुप्त माहिती हस्तांतरित व्हायची आहे. इथे अख्खा सामनाच आडोसा आहे, त्यामुळे पटावरच्या चालींकडे चित्रपट फारसे लक्ष देत नाही. खेळाडूंना हे खटकेल. पण वर सांगितलेला प्रश्न विचारला तर ते का, हे समजते.

पटावर कोण बसले आहे आणि का, हे पाहावे

यानंतर इतिहासाकडे वळावे. पडद्यावरचा बाँड पहिल्यांदा दिसतो तो १९६२ साली पत्त्यांच्या टेबलावर. नायक जुगार खेळतो, शत्रू बुद्धिबळ खेळतो, ही वाटणी पाश्चात्त्य हेरपटांत अनेकदा आढळते आणि तिला काळाचा आधार आहे. १९४८ मध्ये बोटविनिक जगज्जेता झाल्यापासून १९७२ मध्ये फिशरने स्पास्कीला हरवेपर्यंत जगज्जेतेपद सलग सोव्हिएत खेळाडूंकडेच होते, आणि त्यामागे सरकारचे भक्कम पाठबळ होते. पश्चिमेच्या प्रेक्षकाला थंड डोक्याचा, हिशेबी शत्रू दाखवायचा तर पट ही तयार खूण होती. क्रोनस्टीन आपल्या योजनेत शत्रूच्या प्रत्येक संभाव्य चालीचा विचार झाल्याची खात्री देतो, आणि ती योजना फसल्यावर त्याच्याच संघटनेकडून मारला जातो. चित्रपटाचा कौल उघड आहे: माणसे मोहऱ्यांसारखी नेमून दिलेल्या घरांवर जात नाहीत, आणि धोका पत्करणारा हिशेब करणाऱ्यावर मात करतो.

प्रत्यक्षातली गोष्ट मात्र या वाटणीच्या उलट आहे, आणि ती प्रेक्षकांना आवर्जून सांगावी. १९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनचे ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिलनर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक हे खेळाडू ब्युनोस आयरेसच्या ऑलिम्पियाडमध्ये होते. पुढे तिघेही ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर होते. तिथल्या विभागांना 'हट' म्हणत; अलेक्झांडर यांनी गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनंतर हट ८ ची धुरा सांभाळली आणि मिलनर-बॅरी हट ६ चे प्रमुख झाले. २०१४ च्या 'द इमिटेशन गेम' मध्ये अलेक्झांडर हे पात्र आहे. म्हणजे पडद्यावर शत्रूच बुद्धिबळ खेळत असला, तरी प्रत्यक्षात ब्रिटनच्या गुप्त खात्यात बुद्धिबळपटू मोक्याच्या जागी होते. आणखी एक धागा जोडून घ्यावा. याच अलेक्झांडर यांनी १९५३-५४ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत ब्रॉनस्टीनला १२० चालींच्या डावात हरवले होते, म्हणजे बाँडपटातल्या डावात जो प्रत्यक्षात हरला त्याच ब्रॉनस्टीनला.

बुद्धिबळ आणि हेरगिरी यांची सांगड केवळ पटकथाकारांच्या डोक्यातून निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धात टपालाने खेळल्या जाणाऱ्या डावांच्या चाली अमेरिकी सेन्सॉरने रोखल्या, कारण अक्षर-आकड्यांच्या त्या ओळींत सांकेतिक निरोप दडवणे सोपे होते. १९७२ मध्ये रेकयाविकला, फिशर-स्पास्की सामन्यात, सोव्हिएत पथकाने संशय घेतल्यावर खेळाडूंच्या खुर्च्यांची क्ष-किरणांनी तपासणी झाली, दिवे उघडून पाहिले गेले आणि त्यांत दोन मेलेल्या माश्या सापडल्या. १९७८ मध्ये फिलिपिन्समधल्या बाग्यो इथे कारपोव्ह आणि कोर्चनॉय यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात कारपोव्हला डावादरम्यान दिलेल्या दह्याच्या वाटीवर कोर्चनॉयच्या गोटाने आक्षेप घेतला, कारण कोणत्या वेळी काय आणून द्यायचे यात संकेत असू शकतो. कोर्चनॉय दोनच वर्षांपूर्वी सोव्हिएत संघ सोडून नेदरलँड्समध्ये राहिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संशयाची धार कळते. पाण्याचा पेला पडद्यावर येऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. या सामन्याची छाया असलेला 'ला दियागोनाल द्यु फू' हा १९८४ चा स्विस-फ्रेंच चित्रपट परकीय भाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवून गेला. हेरपट नसला तरी दोन सत्तांमध्ये सापडलेले खेळाडू पाहायचे असतील तर तो जरूर पाहावा.

आपल्याकडचे चित्रपट याच पद्धतीने वाचावेत

प्रेमचंदांच्या कथेवरचा सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' हा १९७७ चा चित्रपट हेरपटाच्या व्याख्येत बसत नाही, पण पटाशेजारी काय लपले आहे हा प्रश्न त्याच्याइतका कोणत्याही हेरपटाला लागू पडत नाही. १८५६ च्या लखनौत दोन सरदार खेळात बुडालेले आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनी अवध गिळंकृत करायला निघाली आहे. पटावरचे त्यांना सगळे दिसते, राज्यात काय चालले आहे ते दिसत नाही. मीर रोशन अलीला तर स्वतःच्या घरातलेही दिसत नाही. इंग्रजी पद्धतीच्या खेळात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते आणि डाव लवकर उरकतो, हे त्यांना समजावून सांगण्याचा प्रसंग नीट पाहावा. राय यांनी एका नियमाच्या बोलण्यातून येणाऱ्या सत्तेचा वेग सांगितला आहे.

'वझीर' हा बिजॉय नांबियार यांचा २०१६ चा चित्रपट हेरपटाच्या जास्त जवळचा आहे. त्याचे निर्माते आणि कथाकार विधू विनोद चोप्रा हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी. अमिताभ बच्चन यांनी साकारलेले पंडित ओंकारनाथ धर दहशतवादविरोधी पथकातल्या अधिकाऱ्याला, म्हणजे फरहान अख्तरला, खेळ शिकवतात. शेवट इथे सांगत नाही. तो माहीत नसलेल्यांनी चित्रपट दोनदा पाहावा, आणि दुसऱ्या वेळी पंडितजींच्या प्रत्येक धड्यात ते काय सांगत नाहीत याची यादी करावी. पटाचे रूपक इथे वारंवार शब्दांत उच्चारले जाते, आणि मला ते जास्त वाटते. पण शिकवणी हाच बुरखा ही कल्पना मात्र पक्की आहे.

पुण्यात एका संध्याकाळचा कार्यक्रम करायचा झाल्यास

सोसायटीच्या सभागृहात किंवा बुद्धिबळाच्या क्लासमध्ये पंचवीस-तीस माणसांसाठी हे सहज जमते. ओटीटीची वर्गणी घरगुती पाहण्यापुरती असते, म्हणून जाहीर कार्यक्रमासाठी हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी. क्लासमध्ये भिंतीवर टांगायचा चुंबकी पट असतो, तो पडद्याशेजारी लावावा. संपूर्ण चित्रपट दाखवण्याऐवजी व्हेनिसचे दृश्य आणि कंट्रोलच्या घरातले दृश्य, अशी दोनच दृश्ये घेतली तर दीड-दोन तास पुरतात.

प्रेक्षकांच्या दोन-दोनच्या जोड्या कराव्यात, आणि प्रत्येक जोडीत एक खेळणारा व एक न खेळणारा असावा. न खेळणाऱ्याने पहिले टिपण लिहायचे, खेळणाऱ्याने स्थिती उतरवायची, आणि मग दोघांनी मिळून लपवलेली वस्तू शोधायची. शालेय मुले आपणहून स्टॉकफिशकडे धावतात; चर्चेचा पहिला अर्धा तास मोबाइल पिशवीत ठेवायला सांगावे. अभिजित कुंटे यांनी २००० साली ग्रँडमास्टर किताब मिळवल्यापासून पुण्यात या खेळाची जाण असलेल्या दोन पिढ्या तयार झाल्या आहेत, त्यामुळे स्थिती समजावून सांगायला शेजारपाजारी कोणी ना कोणी मिळतोच.

दृश्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हेनिस घ्यावे, कारण त्यात पट, चाली आणि लपवलेला निरोप तिन्ही स्पष्ट आहेत. कंट्रोलचे मोहरे नंतर घ्यावेत, आणि त्याआधी स्मायली व कंट्रोल यांचे नाते चार वाक्यांत सांगावे, नाहीतर चिकटवलेल्या छायाचित्राचा घाव बसत नाही. 'वझीर' घ्यायचा तर स्वतंत्र संध्याकाळ ठेवावी, आणि ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना मागच्या रांगेत बसवून शेवटापर्यंत गप्प राहायला सांगावे.